पाय ठेवायचा की काढायचा? लहान भावासाठी सल्ला पाहिजे (नागपूर, अर्जंट)

नंदनवनचा_दादा | सोमवार, रात्री ११:५२

नमस्कार मंडळी. एरवी मी इथे वाचनमात्र असतो, फार तर सावजीच्या धाग्यावर एखादी काडी टाकतो. आज हात थरथरून राहिले, चुका झाल्या तर सांभाळून घ्या.

लहान भाऊ, वय २७, बुटीबोरीला कंपनीत आहे. शनिवारी सेकंड शिफ्ट सुटल्यावर बाईकने घरी येऊन राहिला होता, वर्धा रोडवर ट्रकने कट मारला. डावा पाय रस्त्यावर घासत गेला. नडगीचं हाड घोट्याच्या वर तुटलं, मधलं ६ सेंटिमीटर हाड गेलंच. समोरची चामडी नाही, हाड उघडं. आधी रस्त्यावरच्या एका छोट्या दवाखान्यात नेलं, तिथे वरून ओढून टाके मारले आणि चार तास ठेवून घेतलं. मग शहरात आणलं. इथे त्याच रात्री टाके उघडून जखम धुतली, मेलेलं मांस काढलं, बाहेरून रॉड लावला.

आज राउंडला हाडाचे डॉक्टर आणि प्लास्टिक सर्जन दोघंही आले. म्हणे ३-बी आहे, स्कोअर १५, 'ग्रे झोन'. एक रस्ता म्हणजे मांडीचा तुकडा रक्तवाहिनीसकट काढून पायाला जोडायचा, नंतर रिंग लावून हाड वाढवायचं. वर्ष-दीड वर्ष, चार-पाच ऑपरेशनं, तरी गॅरंटी नाही. दुसरा, गुडघ्याखाली काढायचा आणि तीन-चार महिन्यांत नकली पायावर उभा करायचा. बुधवारी सकाळपर्यंत सांगा म्हणाले.

आई म्हणते काही झालं तरी पाय वाचवा. मामा म्हणतात मुंबईला न्या. वहिनी, म्हणजे भावाची बायको, लग्नाला सातच महिने झाले, ती काही बोलतच नाही. मी फॉर्म घेऊन कॅन्टीनमध्ये बसलो आहे.

तर्रीपोहा | सोमवार, रात्री ११:५८

दादा धीर धर बाप्पा. मी ओ पॉझिटिव्ह आहे, रक्त लागलं तर रात्री दोनला पण फोन कर. व्यनि (खाजगी निरोप) केला आहे.

जुनी_मेयोकर | मंगळवार, रात्री १२:४१

मी प्लास्टिक सर्जन आहे, मेयोतून (नागपूरच्या मेयो हॉस्पिटलच्या कॉलेजातून) शिकले, आता नागपुरात नाही. पेशंट न बघता पाय ठेवा किंवा काढा असं मी सांगणार नाही आणि इथे कोणी सांगत असेल तर त्याचं ऐकू नका. तुम्हाला जे शब्द सांगितले गेले त्यांचा अर्थ तेवढा सांगते.

३-बी म्हणजे उघड्या फ्रॅक्चरच्या गुस्टिलो-अँडरसन वर्गीकरणातला असा प्रकार, की हाड झाकायला जागेवर पुरेशी चामडी-मांस उरलेलं नाही, दुसरीकडून आणावं लागतं. ३-सी असता तर मुख्य रक्तवाहिनीच जोडावी लागली असती. स्नायू रक्ताशिवाय साधारण सहा तास तग धरतात, त्यामुळे तिथे घड्याळ फार क्रूर असतं. तुमच्या भावाचा रक्तपुरवठा शाबूत आहे, ही लहान गोष्ट नाही.

स्कोअर १५ म्हणजे बहुतेक गंगा हॉस्पिटलचा स्कोअर. कोईम्बतूरच्या डॉक्टरांनी २००६ मध्ये मांडला, नेमका अशा जखमांसाठी. चामडी, हाड आणि स्नायू-नसा यांना प्रत्येकी ५ पर्यंत गुण, शिवाय उशीर, मधुमेह, शॉक अशा गोष्टींचे २-२. एकूण २९. १४ किंवा खाली असेल तर पाय राखायचा, १७ किंवा वर असेल तर काढण्याकडे कल. १५-१६ म्हणजे आकडा गप्प बसतो आणि माणसांना बोलावं लागतं. तुमचे डॉक्टर दोघं मिळून आले, दोन्ही रस्ते सांगितले, वेळ दिला. हे चांगलं लक्षण आहे.

आता फ्लॅप, म्हणजे तोच मांडीचा रक्तवाहिनीसकट तुकडा. लोक याला 'चामडी लावणे' म्हणतात, पण नुसती चामडी, म्हणजे स्किन ग्राफ्ट, उघड्या हाडावर धरत नाही. तिला खाली रक्त लागतं. गुडघ्याखालच्या वरच्या भागात जखम असती तर पोटरीचाच स्नायू वळवून झाकता आली असती. घोट्याजवळ तसा स्नायू नाही, म्हणून मांडीवरून तुकडा आणायचा आणि त्याची धमनी-शीर पायातल्या धमनी-शिरेला मायक्रोस्कोपखाली शिवायची. शिवायला केसाहून बारीक धागा असतो. (धाग्यात धागा. सॉरी, रात्रीचा एक वाजत आला.) पहिले दोन दिवस नर्स तासातासाला तो तुकडा बघतात: रंग कसा आहे, कोमट आहे का, दाबून सोडला की लाली परत येते का. शीर बंद पडली तर परत ऑपरेशन थिएटर. त्या वेळी 'पुन्हा कशाला नेलं' म्हणून भांडू नका, ती धावपळ तुमच्याच फायद्याची असते.

घाई का? तेव्हाच्या युगोस्लाव्हियातल्या ल्युब्लियानाचे सर्जन गोडिना यांनी १९८६ मध्ये ५३२ रुग्णांचा अनुभव छापला. ७२ तासांच्या आत केलेल्या फ्लॅपपैकी शंभरात एकही धड वाया गेला नाही, उशिरा केलेल्यांत शंभरात बारा गेले. आता व्हॅकची (जखमेतलं पाणी ओढून घेणारी) पट्टी आल्यामुळे थोडे दिवस जास्त मिळतात, ७२ तास म्हणजे काही ब्रह्मवाक्य नाही. पण मुंबईला नेण्यात आठवडा गेला तर जखम तुमच्यासाठी थांबणार नाही. मामांना हे सांगा. दुसरं मत हवं असेल तर फोटो आणि एक्स-रे फोनवर पाठवून उद्याच्या उद्या मिळतं.

नंदनवनचा_दादा | मंगळवार, रात्री १:०५

ताई खूप खूप आभार. एक विचारतो. तळपायाला हात लावला तर त्याला कळत नाही. एक ज्युनिअर डॉक्टर म्हणाला मग पाय वाचवून काय फायदा?

जुनी_मेयोकर | मंगळवार, रात्री १:१९

आम्हालाही पूर्वी तसंच शिकवत. मग अमेरिकेतल्या आठ मोठ्या ट्रॉमा सेंटरमध्ये अशाच पायांचा अभ्यास झाला, लीप नावाचा. सुरुवातीला तळवा बधिर असूनही ज्यांचा पाय राखला, त्यांच्यापैकी निम्म्याहून अधिक जणांना दोन वर्षांत संवेदना परत आली. नस तुटलेली नसून नुसती चेचलेली असते पुष्कळदा. ऑपरेशनमध्ये नस डोळ्यांनी दिसली का, एवढं सीनिअरना विचारा.

त्याच अभ्यासाचा मुख्य निष्कर्ष २००२ मध्ये आला, ५६९ रुग्ण. पाय राखलेले आणि काढलेले, दोन वर्षांनी दोघांचं दैनंदिन जगणं जवळपास सारखंच. कामावर परतलेले दोन्हीकडे साधारण निम्मे. फरक पडला तो शिक्षण, पैसा, घरच्यांची साथ आणि तंबाखू यांनी. तेव्हा 'वाचवला तर जिंकलो, काढला तर हरलो' असं आईंच्या डोक्यात असेल तर ते हळूच काढा.

वऱ्हाडी_ठेचा | मंगळवार, सकाळी ७:१०

आमच्या गावाकडे एक हाडवैद्य आहेत, पाला बांधतात. माझ्या आतेभावाचं हाड २१ दिवसांत जुळलं होतं. एकदा दाखवून पाहायले काय हरकत आहे?

तर्रीपोहा | मंगळवार, सकाळी ७:१४

भाऊ, हाड उघडं आहे म्हणून लिहिलं ना त्याने वर. त्यावर पाला? काहून जीव घेता बे कोणाचा.

एका_पायाचा_सायकलवाला | मंगळवार, सकाळी ८:३०

दादा, माझा उजवा पाय गुडघ्याखालून २०११ साली गेला. ऊस नेणाऱ्या ट्रॉलीखाली. मी तेव्हा ३१ चा. माझं ऑपरेशन पहिल्याच आठवड्यात झालं, मला राखण्याचा पर्याय कोणी दिलाच नाही, आणि खरं सांगू, मला त्याचा राग नाही.

चौथ्या महिन्यात उभा राहिलो. पहिला पाय जयपूर फूट, फुकट मिळाला. त्याचं रबराचं पाऊल वाकतं, चिखलात चालतं, मांडी घालायचा प्रयत्न करता येतो. आता मॉड्युलर (सुटे भाग जोडून केलेला) पाय वापरतो. पण 'तीन-चार महिन्यांत उभा' हे वाक्य जरा गोड करून सांगतात. ठुंठ पहिलं वर्षभर आटत जातं, सॉकेट (ठुंठ बसतं तो साचा) ढिलं होतं, मोजे चढवत बसा, मग नवं सॉकेट. ते काम संपत नाही. आमच्या नागपुरात मे महिन्यात ४५ डिग्रीला लायनरच्या (ठुंठावर चढवायच्या मऊ खोळीच्या) आत घामाचं तळं होतं. दुपारी दोनदा काढून पुसावं लागतं, नाही पुसलं तर पुरळ, पुरळ चिघळलं की आठ दिवस पाय कोपऱ्यात आणि मी कुबड्यांवर. रात्री लघवीला उठलो तर अर्धवट झोपेत नसलेला पाय खाली टाकतो, अजूनही. दोनदा पडलो.

आणि नसलेलं पाऊल दुखतं. पहिल्या वर्षी अंगठा कोणी पिळून राहिलं असं वाटायचं. फिजिओने आरशासमोर बसवलं, चांगला पाय हलवायचा आणि आरशात दुसरा हलताना बघायचा. येडेपणा वाटला, पण उतार पडला. हे आपल्या व्ही. एस. रामचंद्रन यांनी काढलं आहे म्हणे.

गुडघा मात्र कोहिनूर समजा. गुडघ्याखाली कापलं तर चालताना थोडी जास्त ताकद लागते, गुडघ्यावर कापलं तर दीडपटीच्या पुढे. पाय राखायच्या नादात इन्फेक्शन वर चढून गुडघा जाणार नाही ना, हा प्रश्न डॉक्टरांना स्पष्ट विचारा.

मी आज दुपारी ४ नंतर मोकळा आहे. म्हणाल तर वॉर्डात येतो. पाय काढून त्याच्या हातात देतो, पाहू द्या त्याला काय वस्तू असते ती.

रिंगमास्तर | मंगळवार, सकाळी ९:०२

मी दुसऱ्या पार्टीचा. पाय राखला. २०१७, समृद्धीच्या आधीचे जुने रस्ते, जाऊ द्या.

रिंग म्हणजे इलिझारोव्ह. सैबेरियातल्या कुर्गान गावच्या डॉक्टरने शोधलेली. हाड चांगल्या जागी मुद्दाम कापतात आणि तो कापलेला तुकडा तारांनी रोज १ मिलिमीटर खाली सरकवतात, दिवसातून चार वेळा पाव-पाव मिलिमीटर. मागे रिकाम्या जागेत नवं हाड भरत येतं. विश्वास बसत नाही, एक्स-रेत धुकं दिसतं आणि त्या धुक्याचं हाड होतं. ६ सेंमी म्हणजे ६० दिवस सरकवणं. पण सरकवून झालं की संपलं नाही, ते धुकं पिकायला त्याच्या कितीतरी पट वेळ. माझं ५ सेंमी होतं, रिंग १४ महिने होती. एक तार तुटली, तीन वेळा पिनच्या जागी पू. टोकाला हाड जुळेना म्हणून कमरेचं हाड आणून घातलं. घोटा आता हलत नाही, उतारावर बदकासारखा चालतो.

चौदा महिन्यांत नोकरी गेली. घटस्फोट होता होता राहिला. मधे सहाव्या महिन्यात मी स्वतः डॉक्टरला म्हणालो, काढा हा पाय. ते म्हणाले महिनाभर थांब, मग बोलू. थांबलो.

आज माझाच पाय आहे, सकाळी अनवाणी फिरतो. मेयोकर ताई, तुमचा तो अभ्यास बरोबर असेल, पण पहाटे ओल्या गवतावर तळवा टेकतो त्याला आकडा कुठून लावणार?

जुनी_मेयोकर | मंगळवार, सकाळी ९:४०

नाही लावता येत, मान्य. आकडेही सगळे एका बाजूने बोलत नाहीत. अमेरिकी सैनिकांवरच्या २०१३ च्या अभ्यासात पाय काढलेले जास्त बरे निघाले, पण त्यांना मिळणारे कृत्रिम पाय आणि पुनर्वसन आपल्या वॉर्डातल्या पोराला मिळत नाही. उलट २००७ च्या एका हिशेबात आयुष्यभराचा खर्च पाय काढलेल्यांचाच तिप्पट आला, कारण पाय बदलत राहावे लागतात. २७ वर्षांच्या मुलाला पुढे चाळीस वर्षं नवनवे पाय लागणार.

सोनेगावची_माई | मंगळवार, सकाळी १०:१५

माझ्या यजमानांना २० वर्षांची शुगर. अंगठा काळा पडला आहे, डॉक्टर घोट्यापासून काढू म्हणतात. त्यांनाही असा फ्लॅप होईल का?

जुनी_मेयोकर | मंगळवार, सकाळी १०:२२

माई, तुमचा प्रश्न वेगळा आणि आजच उचलण्यासारखा आहे. कापण्याआधी पायाचा डॉपलर करून रक्त कुठपर्यंत पोचतं ते बघायला सांगा. नळी तुंबली असेल तर पायाची अँजिओप्लास्टी होते का ते विचारा. रक्त पोचलं तर कधी कधी बोटावर निभावतं. न पोचता कापलं तर तीही जखम भरत नाही. ताप असेल किंवा काळेपणा वर सरकत असेल तर वाट बघू नका. स्वतंत्र धागा काढा, मी येते.

हिंगणा_एमआयडीसी | मंगळवार, सकाळी ११:३०

दादा, पैशाचं मी सांगतो, मी त्यातून गेलो (हाताची बोटं, प्रेस मशीन). पगार २१ हजाराच्या आत असंल तर भाऊचं ईएसआय (कामगारांचा सरकारी विमा) असंल. कामावर जातायेता झालेला अपघात, वेळ आन रस्ता जुळत असंल तर, कामावरचाच अपघात धरतेत. म्हणजे सुट्टीतले पैसे पगाराच्या ९० टक्के. कंपनीच्या एचआरकडून अपघाताचा रिपोर्ट आजच भरून घ्या, मागून टाळाटाळ करतेत. ईएसआय नसंल तर महात्मा फुले योजना, घरामागं वर्षाले ५ लाख. दवाखान्यात आरोग्यमित्राचं टेबल असते, रेशनकार्ड-आधार घेऊन तिथं उभे राहा. आन एफआयआरची कॉपी सोडू नका. मोटार अपघाताचा दावा सहा महिन्यांच्या आत टाकायचा असते.

पाय गेलाच तर ४० टक्क्यांच्या वर अपंगत्वाचं यूडीआयडी कार्ड निघते. ते मागून पाहू.

विदर्भकन्या | मंगळवार, दुपारी १२:०५

सगळं वाचलं. आई काय म्हणते ते लिहिलं, मामा काय म्हणतात ते लिहिलं. भाऊ काय म्हणतो?

नंदनवनचा_दादा | मंगळवार, दुपारी १२:४८

त्याला अजून सांगितलंच नाही. फ्रॅक्चर आहे, बरं होईल एवढंच माहीत आहे. आई म्हणाली खचेल.

विदर्भकन्या | मंगळवार, दुपारी १२:५१

शुद्धीवर आहे ना? बोलतो ना? २७ वर्षांचा आहे ना? मग सही त्याची लागेल, तुमची नाही. काहून लपवून राहिले?

रिंगमास्तर | मंगळवार, दुपारी १२:५५

+१००. रिंगचे पाने फिरवायचे ते त्याला. घाम पुसायचा तोही त्यालाच.

नंदनवनचा_दादा | मंगळवार, रात्री १०:३०

सांगितलं. सायकलवाले काका आले होते, त्यांच्यासमोरच सांगितलं. मला वाटलं रडेल. तो म्हणाला, मला कालच माहीत झालं होतं, ड्रेसिंग करताना मामा बाहेर बोलत होते ते सगळं ऐकू आलं. तुम्ही विचाराल म्हणून वाट पाहून राहिलो होतो.

काकांचा पाय हातात घेऊन बराच वेळ पाहिला. सॉकेटमध्ये हात घातला. वजन विचारलं. मग काकांना विचारलं, तुम्ही पोहता का? काका म्हणाले, पाय बाजूला ठेवून, हो. मग वहिनीला म्हणाला, तू सांग. ती पहिल्यांदा बोलली. म्हणाली, दीड वर्ष मी पाणी गरम करायला तयार आहे, पण तू दर आठवड्याला 'काढला असता तर बरं' म्हणणार असशील तर आत्ताच काढ. सगळा वॉर्ड हसला, आई सोडून.

राखायचं ठरलं. सीनिअर म्हणाले नस डोळ्यांनी दिसली आहे, चेचलेली पण सलग. शिवाय हेही सांगितलं की फ्लॅप गेला किंवा इन्फेक्शन आवरलं नाही तर पुढे काढावाच लागेल, आणि तेव्हाही गुडघा राहील अशाच बेताने चाललो आहोत. त्याने स्वतः सही केली. सही करून पहिला प्रश्न: डॉक्टर, खर्रा चालेल ना?

जुनी_मेयोकर | मंगळवार, रात्री १०:५०

नाही!! खर्रा नाही, बिडी नाही, मशेरीसुद्धा नाही. निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि त्याच जोडीवर तुमचा फ्लॅप जगणार आहे. लीपमध्ये सिगारेट ओढणाऱ्यांच्या हाडात पू होण्याचं प्रमाण साडेतीन पटीहून जास्त होतं. मित्र पुडी लपवून आणतात, उशी तपासा.

नंदनवनचा_दादा | शुक्रवार, पहाटे ४:२०

बुधवारी ऑपरेशन साडेआठ तास चाललं. काल रात्री दोन वाजता सिस्टरने तुकडा निळसर झाला म्हणून पाहिलं, पाच मिनिटांत डॉक्टर, अर्ध्या तासात परत आत. शिरेत गुठळी होती. आत्ता बाहेर आणलं. रंग गुलाबी आहे. मी भांडलो नाही ताई.

उशीत पुडी सापडली. मामांनी आणली होती.

तर्रीपोहा | शुक्रवार, सकाळी ६:०२

मामाले मुंबईले पाठवा.

नंदनवनचा_दादा | (सुमारे चार महिन्यांनी)

धागा वर काढतो. फ्लॅप टिकला, फुगीर दिसतो, भाऊ त्याला 'समोसा' म्हणतो. दीड महिन्याने रिंग बसली. आज सरकवायचा ५२ वा दिवस. १० नंबरचा पाना आईच्या ताब्यात आहे. सकाळी सहा, दुपारी बारा, संध्याकाळी सहा, रात्री बारा, घड्याळ लावून उठते आणि पाव फेरा देते. कोणाला हात लावू देत नाही. परवा एक्स-रेत धुकं दिसलं. रिंगमास्तर, तुम्ही लिहिलं होतं अगदी तसंच.

तळव्याला टाचेकडे थोडं कळतं. घोटा आखडत चालला आहे, फिजिओ रोज येऊन शिव्या खातो. मागच्या आठवड्यात पिनजवळ पू होता आणि रात्री तापात म्हणालाच, काढला असता तर बरं. वहिनीने वहीत तारीख टाकून ठेवली. ईएसआयचे पैसे तिसऱ्या महिन्यापासून सुरू झाले, एचआरकडे घातलेले खेटे वेगळेच.

आता एक कामाचं विचारतो. रिंगवरून कोणतीच पँट जात नाही, लुंगीत थंडी वाजते. डाव्या बाजूने वरपासून खालपर्यंत चेन लावून पायजमा शिवून देणारा टेलर आहे का कोणी? महाल, इतवारी, कुठेही चालेल.

रिंगमास्तर | त्याच दिवशी, रात्री ९:१५

चेन नको, तारेत अडकते. वेल्क्रो लावून घ्या. माझे तीन पायजमे घडी करून ठेवले आहेत, रविवारी आणून देतो. कंबर ३४ आहे, नाडी टाकून घ्या.